दारं मोजत चालताना

घड्याळकाकांचं दुकान रिकामं झालं तेव्हा भिंतीवर गोल उरले.

शटर अर्धं वर होतं. सामान टेम्पोत चढलं होतं आणि काका मागच्या भिंतीशी वाकून शेवटचा खोका बांधत होते. मी बाहेरच थांबले आणि नजर भिंतीवर गेली. इतक्या वर्षांत त्या भिंतीचा रंग धुरकट पिवळा होऊन गेला होता. पण जिथे जिथे घड्याळं टांगलेली असायची, तिथे खालचा मूळचा फिकट निळा जसाच्या तसा राहिला होता. मोठे गोल, बशीएवढे गोल, एक अष्टकोन, आणि लंबकाच्या घड्याळाचा उभा लांबट आकार. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खिळा. मी मोजले, सतरा भरले. ती घड्याळं कधी एक वेळ दाखवत नसत. सगळी दुरुस्तीला आलेली. एखादं पुढे पळणारं, एखादं अडून बसलेलं. खरी वेळ हवी असेल तर काका स्वतःचं मनगट पुढे करत.

काउंटरच्या मागे, जरा खालच्या अंगाला, खिळ्यांची एक वेगळी रांग होती. तिथे किल्ल्या असत. आमच्या घरांच्या जादा किल्ल्या. कुणी बाहेरगावी जाताना ठेवलेली, कुणी मुलं शाळेतून आधी येतात म्हणून, कुणी विसरभोळेपणावर उपाय म्हणून. "न्या आता ज्याच्या त्याच्या," असं काका आठवडाभर आधीपासून सांगत होते. माझी तिसऱ्या खिळ्यावर असायची. तिला निळ्या लोकरीचा तुकडा बांधलेला होता. ती हातात देताना ते म्हणाले, "लोकर तुझ्या आईने बांधलेली आहे, सोडू नकोस." मी मान हलवली. बोलता आलं नाही.

या किल्ल्यांबद्दल मी पुढे एका अगदी वेगळ्या ठिकाणी वाचलं आणि चकित झाले. जेन जेकब्ज ही अमेरिकन लेखिका १९४७ पासून न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहत होती. तिच्या इमारतीतही खाली पूर्वी दुकान होतं. १९६१ मध्ये तिने शहरांविषयी जे लिहिलं त्यात ती सांगते, की तिच्या भागात कुणी पाहुणा येणार असेल आणि आपण घरी नसू, तर किल्ली जवळच्या दुकानदाराकडे ठेवायची रीत होती. मग ती प्रश्न विचारते: दुकानदाराकडेच का? तिचं उत्तर मला फार खरं वाटतं. तो माणूस किल्ली जबाबदारीने सांभाळतो, आणि कोण आलं, कशाला आलं, किती दिवस राहणार, यात नाक खुपसत नाही. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली की थोडं घरही त्याच्या हाती जातं. दुकानदाराकडे ठेवली की फक्त किल्लीच जाते.

घड्याळकाकांना आमच्या घरातलं काय माहीत होतं? आईचं आजारपण माहीत होतं, कारण त्या दिवसांत किल्ली वारंवार खाली-वर होत होती. पण त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. ती गेल्यावर मी पहिल्यांदा दुकानावरून गेले तेव्हा ते काउंटरमागे उठून उभे राहिले. मी पुढे जाईपर्यंत ते उभे होते. असं वागणं कुठल्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. पण ते घडायला एक काउंटर, एक दार आणि रोज त्याच जागी बसणारा एक माणूस लागतो.

मग पाटी उतरली, आणि माझं दुःख थोडं गोंधळात पडलं.

शिडीवरच्या माणसाने चार स्क्रू काढले. पत्रा खाली आला. त्याच्यामागे भिंतीवर, कुणीतरी कधीकाळी ब्रशने रंगवलेली अक्षरं होती. बरीचशी उडालेली. एक तांबडा 'छ' आणि पुढे एक लांब वेलांटी, एवढंच वाचता येत होतं. काका वर बघून म्हणाले, "हो, मी आलो तेव्हा इथे छत्र्या दुरुस्त व्हायच्या. तो म्हातारा बिचारा रडला होता जाताना." त्यांच्या बोलण्यात अपराधाची भावना नव्हती, ते नुसतं आठवत होते. पण मला त्या क्षणी कळलं, की ज्या दुकानाला मी या जागेचा मूळपुरुष समजत होते ते स्वतः कुणाच्या तरी जागी आलं होतं. त्या छत्रीवाल्यासाठी हळहळलेलं कुणीतरी असेल. त्या माणसाला घड्याळाचं दुकान उपरं वाटलं असेल.

दुकानांच्या दर्शनी भागांकडे आयुष्यभर बघत राहिलेली काही माणसं आहेत. पॅरिसमध्ये एझेन अत्जे नावाचा छायाचित्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जड लाकडी कॅमेरा घेऊन पहाटे फिरायचा आणि जुन्या दुकानांचे, पाट्यांचे, दारांचे फोटो काढायचा. चित्रकारांना नमुना म्हणून ते विकायचा. त्याच्या काही फोटोंत काचेच्या दारावर समोरच्या रस्त्याचं प्रतिबिंब पडलेलं असतं, आणि त्या प्रतिबिंबात तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यामागे तो स्वतः पुसटसा उभा असतो. काचेच्या आतून दुकानातला माणूस बाहेर बघत असतो. बघणारा, दुकानदार आणि रस्ता, तिन्ही एकाच काचेत. १९२७ मध्ये अत्जे वारला. बेरेनिस अॅबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी त्याच्या फोटोंचा मोठा साठा वाचवला, आणि मग न्यूयॉर्कला परतून १९३० च्या दशकात त्या शहराची बदलत चाललेली दुकानं आणि रस्ते टिपले.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो कामिलो होसे व्हेर्गारा. चिलीत जन्मलेला, अमेरिकेत राहिलेला. तो एकाच जागेचे फोटो वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा तिथेच उभं राहून काढतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका दुकानाच्या दारासमोर तो १९७७ पासून जात राहिला. आधी तिथे रात्रीचा क्लब होता, मग त्याच जागेत लहानसहान दुकानं झाली, पुढे गाद्यांचं दुकान आलं. फोटो ओळीने पाहिले की लक्षात येतं, एखादं दुकान टिकलं की मोडलं एवढाच प्रश्न नसतो. एका दाराची दोन दारं होतात, पुन्हा एक होतं. पाटी खाली येते, वर जाते. रंग चढतात, सोलतात. भिंत तीच, आणि तिच्याकडून प्रत्येक पिढी काहीतरी वेगळं मागून घेते.

तेव्हापासून मी आमच्या रस्त्यावरून जाताना दुकानांकडे कमी आणि दर्शनी भागांकडे जास्त बघू लागले. उंबरठा कुठला, पायरी किती उंच, शटरच्या पेटीवर किती रंगांचे थर, पाटीच्या कडेला जुन्या पाटीची भोकं किती. एका दुकानाच्या चौकटीत मला दगडी पट्टी दिसली, आणि तिच्यात लांबलचक खाच. शटर येण्याआधी तिथे लाकडी फळ्या बसवत. एकेक फळी खाचेत सरकवायची, शेवटच्या फळीला कुलूप. तेवढ्यावरून मला पोम्पेई आठवलं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहरात दुकानांच्या उंबरठ्यांवर अशाच खाचा आहेत. फळ्या सरकवायला एक लांब खाच, आणि एका टोकाला आत-बाहेर करण्यापुरत्या दाराची जागा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा दुकानदारसुद्धा संध्याकाळी हेच करत होता. फळ्या मोजून लावायच्या, शेवटची जरा अडते म्हणून तिला तळहाताने ठोकायचं.

बाकी सगळं बदलत गेलं, आणि त्या प्रत्येक बदलामागे काहीतरी ठोस कारण होतं. लंडनमध्ये दुकानांच्या पाट्या रस्त्यावर आडव्या लोंबत असत, इतक्या मोठ्या आणि जड की उजेड अडायचा आणि वाऱ्यात त्या पडायच्या. १७६२ च्या कायद्यानंतर त्या भिंतीला सपाट लागल्या. ब्रिटनमध्ये काचेवर कर होता. १८४५ मध्ये तो उठला आणि दुकानांच्या पुढे मोठमोठ्या काचा आल्या. वस्तू न घेता नुसतं बघत फिरण्याचा लोकांचा विरंगुळा त्याने आणखी वाढला. १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती आरशासारखी सपाट करण्याची रीत जाहीर केली, आणि भिंतीएवढी काच स्वस्त झाली. निऑनची नळी जॉर्ज क्लोदने पॅरिसमध्ये १९१० साली दाखवली, आणि दोनच वर्षांत ती एका केशकर्तनालयाच्या दारावर पाटी म्हणून लुकलुकू लागली.

यातला सर्वांत मोठा बदल मात्र बाहेरून दिसत नाही. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने पिगली विगली नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाईक व माल यांच्यामधला काउंटर काढून टाकला. तोवर मागायचं, आणि दुकानातल्या माणसाने फळीवरून काढून द्यायचं. आता गिऱ्हाइकाने टोपली घेऊन आत शिरायचं, स्वतःच उचलायचं, बाहेर पडताना पैसे द्यायचे. पुढच्याच वर्षी त्याला त्या मांडणीचं पेटंटही मिळालं.

काउंटर गेला याचं मला निव्वळ दुःख वाटतं असं मी म्हणणार नाही. काउंटरपुढे सगळ्यांना सारखी वागणूक कधीच नव्हती. कपड्यांकडे बघून कुणाला बसायला स्टूल मिळे आणि कुणाला ताटकळत ठेवलं जाई. सर्वांत स्वस्त कुठलं, हे दहा माणसांत तोंडाने विचारावं लागे, आणि ते विचारताना आवाज किती खाली जातो हे मी जवळून पाहिलेलं आहे. माझाच जात होता. स्वतः उचलण्यात एक मोकळेपणा आहे. किंमत बघून वस्तू परत ठेवली तर कुणाला कळत नाही. हा मोकळेपणा ज्यांना मिळाला त्यांच्यासमोर उभं राहून 'जुनं ते छान होतं' असं मला म्हणवणार नाही.

म्हणून मग मी स्वतःला विचारत राहिले. दुकानं बदलणारच. छत्री जाऊन घड्याळ येणार, घड्याळ जाऊन आणखी काही. काउंटर जाण्यातही सगळं वाईट नाही. मग पाटी उतरताना पोटात जे तुटलं ते नक्की कशासाठी?

याचं उत्तर मला घड्याळकाकांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे सापडलं. तिथे एकेकाळी पाच गाळे होते. वह्या-पेनं विकणारा, चपला शिवणारा, चौकटी करून देणारा, शिंपी आणि एक सतत धंदा बदलणारा, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी नवा भाडेकरू येणारा. पाचही जणांची मुदत संपत आली तसे ते गाळे एकेक करून रिकामे झाले. मधल्या भिंती पडल्या आणि पाच दारांची एक लांब काच झाली. त्या काचेला आतून मोठमोठी चित्रं चिकटवली आहेत, कारण आतल्या बाजूने भिंतीला लागून कपाटं उभी आहेत. म्हणजे काच आहे, पण तिच्यातून आत दिसत नाही. दार एकच, पार टोकाला, आपोआप उघडणारं.

मी तिथे उभी राहून चालणाऱ्यांकडे बघत बसले. लोक त्या काचेपाशी आले की भराभर चालायला लागतात. थांबायला काही नाही, म्हणून. पूर्वी त्या पाच दारांपुढे पाच वेगवेगळ्या पायऱ्या होत्या. एक उंच, एक खचलेली, एक चपलावाल्याने स्वतः सिमेंट लावून रुंद केलेली. त्यावर कुणी ना कुणी टेकलेलं असायचं. बसायची सोय म्हणून त्या कुणी बांधल्या नव्हत्या, पण म्हाताऱ्या माणसांना पिशवी ठेवून दम खायला तेवढ्या पुरायच्या. आता तिथे पायरी नाही. काच थेट जमिनीला भिडते.

डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी माणसं रस्त्यावर कशी चालतात, कुठे थांबतात, हे मोजण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या कोपनहेगन शहराचा मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला आणि फक्त चालणाऱ्यांचा झाला. गेल यांचा हिशेब साधा आहे. शंभर मीटर चालायला माणसाला सुमारे ८० सेकंद लागतात. दुकानं पाच-सहा मीटर रुंदीची असली, तर शंभर मीटरमध्ये पंधरा ते वीस दारं येतात. म्हणजे दर चार-पाच सेकंदांनी डोळ्यांपुढे काहीतरी नवीन. जगातल्या ज्या ज्या रस्त्यांवर चालताना वेळ कसा गेला कळत नाही, तिथे बहुधा हाच ठेका असतो. क्योतोमध्ये तर जुन्या व्यापाऱ्यांची घरं पुढून इतकी अरुंद आणि आत इतकी लांब असतात की त्यांना 'ईल माशाचं अंथरूण' म्हणतात. दार छोटं ठेवायचं आणि मागे पसरायचं. रस्त्यावर सगळ्यांना जागा मिळते.

तेव्हा मला कळलं. मला घड्याळाचं दुकान गेल्याचं वाईट वाटत होतं, आणि भीती मात्र दार जाण्याची होती. दुकान बदललं तरी दार राहिलं, तर तिथे पुन्हा कुणीतरी येऊन बसतं. दारच गेलं की ते बसणंच संपतं. पाच दारं म्हणजे रस्त्याकडे बघणारे डोळ्यांचे पाच जोड. पाच निर्णय घेणारी माणसं. पाच जणांनी पाच प्रकारे ठरवलेलं, आज शटर कधी उघडायचं आणि कुणाची किल्ली ठेवून घ्यायची. ती भिंत पडली तेव्हा पाच धंदे गेले हे खरं, पण ते धंदे तसेही बदलले असते. जे परत येणार नाही ते म्हणजे सहाव्या, सातव्या, आठव्या माणसाला कमी भांडवलात सुरुवात करायला लागणारी छोटी, जुनी, थोडी गळकी जागा.

जेकब्जने हेही लिहून ठेवलं आहे. नव्या कल्पनांना जुन्या इमारती लागतात, असं तिचं म्हणणं होतं. नवीन बांधकामाचा खर्च भरून निघावा एवढी कमाई फक्त आधीच जम बसलेल्या मोठ्या धंद्यालाच जमते. ज्याला अजून खात्री नाही, ज्याला करून बघायचं आहे, त्याला आधीच खर्च फिटलेली जागा हवी असते. घड्याळकाका तसेच आले होते. तो छत्रीवालाही तसाच आला असणार.

बाजाररस्त्यांवर जे होतं त्याचं खापर बहुतेक वेळा गिऱ्हाइकांवर फोडलं जातं. लोक घरबसल्या मागवतात, मोठ्या दुकानात जातात, म्हणून. ते खोटं नाही, मीसुद्धा मागवते. पण गाळ्याचा मालक आणि गाळा चालवणारा वेगळे असले की दुकान चांगलं चालूनही बंद पडू शकतं. भाड्याचा करार संपतो आणि त्या रस्त्याला आलेली किंमत, जी या दुकानांनीच वर्षानुवर्षं दारं उघडी ठेवून वाढवलेली असते, तीच त्यांना बाहेर काढते. हे मला फार अन्यायाचं वाटतं. उलटही होतं. जपानमध्ये छोट्या दुकानांना सांभाळण्यासाठी मोठ्या दुकानांवर निर्बंध घालणारा कायदा १९७३ मध्ये झाला होता. २००० साली तो गेला. आज तिथल्या अनेक लहान शहरांत जुन्या बाजाररस्त्यांवर ओळीने शटर बंद दिसतात. अशा रस्त्याला त्यांच्याकडे शब्दच आहे, 'शटर-रस्ता'. पुढची पिढी दुसरीकडे गेली, गिऱ्हाईक शहराबाहेरच्या मोठ्या दुकानांकडे वळलं, आणि कित्येक ठिकाणी म्हातारे मालक बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून गाळा दुसऱ्याला दिलाही जात नाही. एकीकडे भाडं इतकं वाढतं की दार परवडत नाही, दुसरीकडे भाडं मागायलाच कुणी येत नाही. रस्ता दोन्हीकडे मरतो.

या सगळ्यात एका माणसाची गोष्ट मला राहून राहून आठवते. व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नाचा वास्तुविशारद नाझींपासून जीव वाचवून १९३८ मध्ये न्यूयॉर्कला आला. तिथे त्याने नाव कमावलं ते दुकानांचे दर्शनी भाग सजवून. १९३९ मध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या एका लहान दुकानाचा दर्शनी भाग त्याने असा रचला की रस्त्याने जाणारा माणूस नकळत आडोशात वळावा, काचा बघत बघत दारापर्यंत पोचावा. व्हिएन्नातल्या रस्त्यांवरची माणसांची ये-जा त्याला अमेरिकेत पुन्हा उभी करायची होती. त्या ध्यासातून १९५६ मध्ये मिनेसोटातल्या इडायना इथे त्याने साउथडेल बांधलं, छताखाली बंदिस्त, वातानुकूलित, आधुनिक मॉलचा पहिला नमुना. त्याच्या मनात होतं ते गाव. त्यात घरं, शाळा, दवाखाने, बाग. लोकांनी घेतलं ते फक्त दुकान आणि भोवतीचं गाड्यांचं मैदान. पुढे तो व्हिएन्नाला परतला, तर त्याच्या शहराच्या वेशीवरही तसलंच प्रचंड केंद्र उभं राहिलं आणि आतल्या छोट्या दुकानांच्या जिवावर उठलं. शेवटच्या वर्षांत त्याने मॉलचं जनकत्व जाहीरपणे झिडकारलं. एका छोट्या दारापाशी माणसाला थांबवण्याची कला ज्याच्या हातात होती, त्याच्याच नावावर दारं पुसणारी इमारत लागली.

काही शहरांनी मात्र दारं मोजायला सुरुवात केली आहे, आणि हे वाचून मला खरोखर आनंद झाला. न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइड भागात २०१२ पासून नियम आहे: अॅमस्टरडॅम आणि कोलंबस या दोन रस्त्यांवर नव्या दुकानाने रस्त्याकडची ४० फुटांपेक्षा जास्त रुंदी अडवायची नाही, आणि बँकेने तर २५ फुटांपेक्षा जास्त नाही. आत, मागे, वर-खाली हवं तेवढं पसरा. रस्त्याला मात्र एवढंच तोंड. कुठलं दुकान असावं हे तो नियम सांगत नाही. त्याचा शहाणपणा मला तिथे वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये तीस वर्षांहून जुन्या दुकानांची नोंदवही सुरू केली आणि त्या दुकानांना लांब मुदतीचा करार देणाऱ्या मालकालाही मदत देऊ केली, म्हणजे आग जिथे लागते तिथेच पाणी. पॅरिसमध्ये नगरपालिकेच्या कंपनीने तळमजल्यावरचे गाळे विकत घेऊन ते लहान दुकानदारांना भाड्याने दिले. लिस्बनलाही जुन्या दुकानांसाठी योजना आहे. पण जुनं दुकान जपण्याच्या योजनांबद्दल मला थोडी धास्तीही वाटते. दुकान प्रेक्षणीय झालं की तिथे किल्ली ठेवायला कुणी जात नाही. म्हणून माझा कल रुंदीच्या नियमाकडे आहे. दार राखा, आत कोण येईल ते त्याचं तो ठरवेल.

घड्याळकाकांचा गाळा वाचला. शेजारच्या दुकानदाराने आपली जागा सोडायला ठाम नकार दिला, त्यामुळे भिंत पाडण्याचा बेत बारगळला. दोन महिने शटर बंद होतं. त्यावर जाहिरातींचे कागद चिकटले, धूळ बसली. मग एका सकाळी ते वर गेलेलं दिसलं.

आत एक मुलगी होती, पंचविशीची असेल. कपडे लहान-मोठे करून देणं, चेन बदलणं, रफू. दुकान एवढं अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंती वीतभरच लांब राहतात, आणि खिडकी नाही, उजेड फक्त पुढून. तिने शिलाई मशीन अगदी दाराशी आणून ठेवलं होतं, जिथे काका डोळ्याला भिंग लावून बसत तिथेच. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या जागेत बारीक काम करायचं तर तिथेच बसावं लागतं.

भिंत तिने रंगवलेली नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाली. ते निळे गोल तसेच आहेत. वरच्या खिळ्यांवर तिने कात्र्या, मोजपट्ट्या, दोऱ्यांच्या रिळांच्या माळा अडकवल्या आहेत. मी तिला सांगितलं, इथे घड्याळं असायची. तिने मागे वळून भिंतीकडे नीट पाहिलं, लंबकाच्या आकारावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला वाटलं ओल आली असेल."

मी एक जुना कोट दिला, बाह्या आखूड करायला. तिने कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून तो टाचणीने लावला आणि कोट खालच्या रांगेतल्या खिळ्याला अडकवला. तिसऱ्या नव्हे, पार कडेच्या. चार दिवसांनी गेले तेव्हा दुकानात गर्दी होती, ती मशीनवरून उठली नाही, नुसती मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि कडेच्या खिळ्याकडे हात दाखवला. कोट मी स्वतःच काढला. चिठ्ठीवर माझं आडनाव चुकलं होतं. मी ते सांगितलं. तिने मशीन थांबवलं, कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठी मागून घेतली, चुकीचं नाव खोडलं आणि त्याखाली मी सांगितलं तसं एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं. मग ती चिठ्ठी तिने मला परत दिली नाही, मशीनशेजारच्या वहीत घालून ठेवली.